सारख्याच सहा गुणांच्या दोन बहिणी : घरपोच रक्ततपासणी आणि गावचे उपकेंद्र

घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेच्या ॲपने मला नाव, वय किंवा आजार यांपैकी काहीही विचारण्याआधी पिनकोड विचारला. कोथरूडचा पिनकोड घालताच सकाळी सहापासूनच्या वेळांची यादी आली आणि 'संपूर्ण शरीर तपासणी' या नावाची पाच निरनिराळ्या किमतींची पॅकेजे समोर आली. माझी थोरली बहीण सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात राहते. तिच्या गावचा पिनकोड घातला तेव्हा 'आपल्या भागात ही सेवा लवकरच सुरू होईल' एवढे एकच वाक्य आले. गेल्या वर्षीही हेच वाक्य आले होते, कारण तेव्हाही मी तिच्यासाठी हीच खटपट केली होती. या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने ताई आणि दाजी चार दिवस माझ्याकडे मुक्कामाला होते, म्हणून मी तिघांची तपासणी माझ्याच पत्त्यावर नोंदवली. पुढे तीन आठवड्यांनी यात्रेसाठी मी गावी गेले, तेव्हा उपकेंद्रात तीस वर्षांवरील सर्वांच्या मोफत तपासणीचा दिवस होता आणि आम्ही तिघेही तेथे जाऊन बसलो. अशा रीतीने एकाच महिन्यात त्याच तीन माणसांची तपासणी दोन सर्वस्वी वेगळ्या व्यवस्थांनी केली, आणि हे परीक्षण त्या दोन्हींचे आहे. प्रयोगशाळेचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही; ज्या उणिवा मला दिसल्या, त्या एकाच कंपनीच्या किंवा एकाच उपकेंद्राच्या असतील असे मला वाटत नाही.

आधी विकतच्या सेवेविषयी. मी निवडलेल्या पॅकेजची किंमत माणशी १,७९९ रुपये होती आणि तिघांचे एकत्र घेतल्यामुळे ४,४९९ रुपयांत काम झाले. छापील अहवाल हवा असल्यास त्याचे पैसे वेगळे होते. सहाची वेळ दिलेला मुलगा पावणेसातला आला. त्याने उशिराबद्दल क्षमा मागितली, हातमोजे घातले, सीलबंद सुई आमच्यासमोर उघडली आणि ताईच्या कामाने टणक झालेल्या हातातली शीर पहिल्याच प्रयत्नात सापडवली. सकाळी नऊपर्यंत त्याला चौदा घरे उरकायची होती. अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी फोनवर आले. एवढ्या भागाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रक्त घेण्याचे आणि नळी वेळेत पोहोचवण्याचे काम ही माणसे चोख करतात.

पॅकेजवर '७२ तपासण्या' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. अहवाल हाती आल्यावर मी पेन्सिल घेऊन बसले आणि त्यातले डझनाहून अधिक आकडे यंत्राने मोजलेले नसून इतर आकड्यांवरून काढलेले आहेत, असे लक्षात आले. ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीच्या आकड्याला पाचाने भागले की व्हीएलडीएल हा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार मिळतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून चांगले कोलेस्टेरॉल आणि ते व्हीएलडीएल वजा केले की बहुतेक ठिकाणी वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा तयार होतो. मग याचे त्याच्याशी गुणोत्तर, त्याचे याच्याशी गुणोत्तर, तीन महिन्यांच्या साखरेवरून काढलेली सरासरी साखर, क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडाची क्षमता, आणि प्रत्येक गणित ही एक वेगळी 'तपासणी'. यात खोटे काही नाही आणि यातले काही आकडे डॉक्टरांच्या उपयोगाचेही असतात. परंतु ७२ हा आकडा किमतीशेजारी ठेवण्यासाठी वाढवलेला आहे, हे ग्राहकाला ठाऊक असावे.

मला स्वतःला मात्र या पॅकेजचा निःसंशय लाभ झाला. माझे बी-१२ जीवनसत्त्व १६४ निघाले, म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या बरेच खाली, आणि पायांना येणाऱ्या मुंग्यांचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. पुण्यातल्या वाचकांना यात आश्चर्य वाटू नये. पुण्यातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला होता. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश खेड्यातले, एक तृतीयांश झोपडपट्टीतले आणि एक तृतीयांश शहरी मध्यमवर्गातले होते. एकंदर ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते, पण शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहार हे त्यामागचे मोठे कारण होते. ज्यांच्या घरी दूध, फळे, सुका मेवा आणि दारात डॉक्टर होता, त्यांच्याच रक्तात या एका गोष्टीचा तुटवडा अधिक निघाला. उत्पन्न वाढले की सगळ्याच बाजूंनी आरोग्य सुधारत जाते, हा सरसकट समज अशा एका आकड्याने ढासळतो. माझ्यासारख्या कोथरूडच्या शाकाहारी बाईसाठी हे पॅकेज जणू बेतून शिवलेले होते, आणि खरे म्हणजे ते आमच्याच मापाने शिवलेले आहे.

ते माप ताईला लागू होत नाही, हे तिच्या अहवालावरून कळले. तिचे हिमोग्लोबिन ९.८ होते, उपाशीपोटीची साखर ९२ होती आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ६.१ होती. शेवटच्या आकड्याभोवती लाल चौकट आणि शेजारी 'मधुमेहपूर्व अवस्था' असा शेरा होता; हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी नुसता खाली जाणारा बाण होता. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेला असेल तर एचबीएवनसीचा आकडा प्रत्यक्षाहून वर सरकू शकतो, ही वैद्यकात माहीत असलेली बाब आहे. तेव्हा तिच्या बाबतीत रक्तक्षयाकडे आधी पाहायला हवे होते आणि साखरेचा निष्कर्ष त्यानंतर काढायला हवा होता. अहवाल तयार करणाऱ्या संगणकाने प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे तपासला आणि स्वतंत्रपणे रंगवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आहे, त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या अहवालात या दोन आकड्यांचा संबंध सांगणारी एक ओळ असू नये, ही माझ्या मते या सेवेची गंभीर त्रुटी आहे.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञांचा फोन आला. हा सल्ला पॅकेजच्या किमतीतच होता. मी फोन ताईच्या हाती दिला आणि आवाज मोठा ठेवला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. तिने न्याहारीला ओट्स, दुपारी ब्राउन राइस, स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल आणि रोज ४५ मिनिटे चालणे असे सुचवले आणि वजन आटोक्यात ठेवायला सांगितले. ताईचे वजन ४३ किलो आहे आणि खुरपणीच्या दिवसांत ती सकाळी आठपासून वाकलेली असते. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "बाई, बाजरीची भाकरी खाल्ली तर चालंल का?" त्यावर ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली की बाजरी उत्तमच आहे, पण तिच्या समोरच्या तक्त्यात ती नाही. मुलीचा यात दोष नाही. तो तक्ता ज्यांनी बनवला, त्यांच्या डोळ्यांपुढे माझ्यासारखी ८८ सेंटिमीटर कमरेची आणि दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणारी बाई होती.

दाजींचा अहवाल तर संपूर्ण हिरवा आला. साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड, यकृत सारे नीट, आणि पहिल्याच पानावर शंभरपैकी ९१ गुण. ते दोन दिवस खुशीत होते आणि मला 'तुझ्यापेक्षा आम्हीच बरे' असे ऐकवत होते. नोंदणीच्या वेळी ॲपने सवयींबद्दल एकच प्रश्न विचारला होता, 'आपण धूम्रपान करता का?' आणि दाजींनी प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर दिले होते. त्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. तंबाखू-चुन्याची चिमूट मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत ओठाआड असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपानाचे प्रमाण अवघे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखूचे २४.४ टक्के. या राज्यात केवळ धूम्रपान विचारणारा प्रश्न दर सात तंबाखूकरांपैकी जवळजवळ सहा जणांना मोकळे सोडतो. तो प्रश्न ज्या देशात प्रथम लिहिला गेला असेल तेथे सिगारेट हेच मुख्य व्यसन असावे. येथे त्याचे भाषांतर झाले, माणसे पाहून तो नव्याने लिहिला गेला नाही.

आता उपकेंद्र. सपाट भागात साधारण पाच हजार आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. २०१८ पासून ही उपकेंद्रे आरोग्यवर्धिनी केंद्रे म्हणून विकसित करण्यात आली आणि २०२३ च्या अखेरीस त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले. गावात मात्र सगळे अजून 'दवाखाना' म्हणतात, आणि तेथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना 'सीएचओ मॅडम'. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग या पाच गोष्टींसाठी तपासणी करणे, हे त्यांच्या कामाचे एक मुख्य अंग आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दोन खोल्यांच्या त्या इमारतीच्या व्हरांड्यात पंचवीसेक माणसे होती. बहुतेक बायका आणि म्हातारी माणसे. तिशी-चाळिशीतले पुरुष बोटांवर मोजण्याइतके होते.

येथे रक्ताला हात लावण्याआधी आशाताई एक फॉर्म भरून घेतात आणि त्याला गुण देतात. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट कोणती वाटली असेल तर ती हा साधा कागद. वय, तंबाखू, रोजचे मद्यपान, कमरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटांची हालचाल आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला रक्तदाब, साखर अथवा हृदयविकार आहे का, एवढेच गुणांचे प्रश्न आहेत, आणि बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाची तपासणी अग्रक्रमाने करायची. ताईची बेरीज सहा झाली आणि माझीही सहाच झाली. आम्ही दोघी चाळिशीत, म्हणून वयाचे प्रत्येकी दोन; आईला साखर होती, म्हणून आणखी दोन. येथपर्यंत आम्ही एकाच घरातल्या मुली होतो. पुढचे दोन गुण तिला मिसरीने दिले. मला ते कमरेच्या घेराचा एक आणि बसून राहण्याचा एक असे मिळाले. एकाच आईच्या, एकाच चुलीवरचे खाऊन वाढलेल्या दोन मुलींपैकी एक सासरी शेतात गेली आणि एक नोकरीनिमित्त शहरात आली. पंचवीस वर्षांनी दोघींच्या धोक्याची बेरीज तीच राहिली आणि त्यातला एक तृतीयांश ऐवज बदलला.

हे आमच्या घरापुरते नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या शहरी स्त्रियांपैकी ३३.२ टक्के आणि ग्रामीण स्त्रियांपैकी १९.७ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या. तंबाखूच्या बाबतीत चित्र उलटे आहे. शहरी पुरुषांत २८.८ टक्के तर ग्रामीण पुरुषांत ४२.७ टक्के, आणि स्त्रियांतही खेड्यातले प्रमाण शहराच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे केवळ वजन आणि साखर पाहणारी सेवा शहराला नेमके पकडते आणि खेड्याला निसटू देते, तर केवळ तोंड पाहणारी सेवा याच्या उलट करील.

मिसरीचे दोन गुण ताईला मिळाले ते केवळ आशाताई त्याच गावच्या होत्या म्हणून. छापील प्रश्नात तंबाखू हा शब्द आहे आणि ताईने त्याला सरळ 'नाही' म्हटले होते. आशाताईंनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "अन् सकाळी मिसरी?" ताई चकित झाली. "आगं, मिसरी म्हंजी काय तंबाखू हाय व्हय? दात घासायचं हाय ते." भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नाही, हे पुण्या-मुंबईत बसून फॉर्म बनवणाऱ्याला कळणे कठीण आहे आणि शेजारच्या आळीतल्या बाईला सांगावे लागत नाही. मॅडमनी नंतर टॉर्च लावून ताईचे तोंड पाहिले, गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरट चट्टा दिसला आणि तिला ग्रामीण रुग्णालयाच्या दंतवैद्यांकडे पाठवले. तेथे तो कर्करोग नाही असे निष्पन्न झाले, मिसरी सोडण्याचा सल्ला मिळाला आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले गेले. ७२ तपासण्यांच्या पॅकेजमध्ये तिचे तोंड कोणीही उघडायला सांगितले नव्हते.

फॉर्मवर माझा एक आक्षेप आहे. स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता आणि कामाच्या ठिकाणी धुराशी संबंध येतो का, असे प्रश्न त्यात आहेत, पण त्यांना गुण नाहीत. ताईकडे गॅस आहे. चहा आणि भाजी त्यावर होते. भाकरी आणि आंघोळीचे पाणी मात्र चुलीवरच, कारण सिलिंडर जितका लांबेल तितका बरा. तिच्या खोकल्याची नोंद त्या कागदावर झाली, पण बेरजेत तिला जागा मिळाली नाही. मन लागत नाही का, उदास वाटते का, हेही दोन प्रश्न आहेत. ते व्हरांड्यात, पंचवीस माणसांसमोर विचारले गेले, आणि प्रत्येक बाईने अर्थातच 'नाही' असे उत्तर दिले.

दाजींचा रक्तदाब १६८/१०२ निघाला. मॅडमनी त्यांना दहा मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजला, तो १६४/१०० आला. तीन आठवड्यांपूर्वी शंभरपैकी ९१ गुण मिळवलेला हा माणूस होता. मी घरी जाऊन पॅकेजची यादी पुन्हा वाचली आणि तिच्यात रक्तदाबाचा उल्लेख नव्हता, कारण तो नळीत भरून नेता येत नाही आणि प्रत्येक घरी पाच मिनिटे बसायला त्या मुलाला वेळ नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक राष्ट्रीय अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशातल्या प्रौढांत मधुमेह ११.४ टक्के आहे आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के. तिपटीने अधिक आढळणारी, मोजायला जवळजवळ फुकट असलेली आणि वर्षानुवर्षे काहीही न जाणवणारी गोष्ट जी सेवा मोजत नाही, तिने स्वतःला 'संपूर्ण शरीर तपासणी' म्हणवून घेऊ नये. हे मी रागाने लिहीत नाही. पण दाजी त्या हिरव्या अहवालावर विसंबून आणखी पाच वर्षे कोठेही गेले नसते, एवढे मला त्यांच्या स्वभावावरून सांगता येते.

औषधाच्या बाबतीत ताईचे गाव सुदैवी जिल्ह्यात आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातून जे जिल्हे आरंभी घेतले गेले, त्यांत सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा यांच्याबरोबर सातारा होता. पद्धत सोपी आहे. ठरलेली मोजकी आणि स्वस्त औषधे, ठरलेल्या पायऱ्या, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि दर महिन्याला पुन्हा मोजणी. दाजींना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करून दिली आणि पुढच्या गोळ्या उपकेंद्रातून मिळू लागल्या. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे केसपेपरचेही पैसे पडले नाहीत.

तरीही ही सेवा फुकट आहे असे मी लिहिणार नाही. तपासणी सकाळी दहाला सुरू झाली आणि आमचा क्रमांक एकच्या सुमारास लागला. ज्या बाया मजुरीने खुरपायला जातात त्यांचा तो दिवस बुडाला, आणि म्हणूनच त्यांतल्या बऱ्याच जणी आल्याच नव्हत्या. साखरेच्या पट्ट्या दुपारी संपल्या व शेवटच्या आठ-दहा जणांना पुढच्या आठवड्यात बोलावले. दाजींना दुसऱ्या महिन्यात तीसऐवजी दहाच गोळ्या मिळाल्या, उरलेल्या त्यांनी तालुक्याच्या दुकानातून आणल्या, आणि त्या गोळ्यांपेक्षा जाण्या-येण्याचे भाडे अधिक पडले. हातात मिळते ती चिटोरी. सविस्तर माहिती मॅडमच्या टॅबमध्ये राहते. कोलेस्टेरॉल आणि बी-१२ यांची सोय तेथे नाही. खासगी प्रयोगशाळेचा छापील अहवाल मी सोबत नेला होता. मॅडमनी तो पूर्ण वाचला, ताईच्या हिमोग्लोबिनचा आकडा उतरवून घेतला, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि 'रक्त वाढू दे, साखर तीन महिन्यांनी परत बघू' असे सांगितले. ज्या संबंधाची ओळ मी १,७९९ रुपयांच्या अहवालात शोधत होते, ती मला तेथे प्लास्टिकच्या खुर्चीवर ऐकायला मिळाली.

पाचांपैकी एक तपासणी मात्र झाली नाही, गर्भाशयमुखाची. त्यासाठी लागणारे सौम्य ॲसिटिक ॲसिड होते, मॅडमचे प्रशिक्षण झालेले होते, पण दुसऱ्या खोलीत लसींची पेटी आणि कपाटे होती आणि दाराला पडदा नव्हता. मला याचे वाईट वाटले ते एका विशेष कारणाने. ही तपासणी जीव वाचवते याचे जगन्मान्य पुरावे आपल्याच राज्यातून गेले आहेत. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमधल्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या अभ्यासाने २०१४ मध्ये दाखवले की प्रशिक्षित कार्यकर्तींनी ॲसिटिक ॲसिड लावून केलेल्या साध्या पाहणीनेही ते ३१ टक्क्यांनी घटतात. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के होत्या. पॅकेजमध्येही ती नव्हती. वरच्या श्रेणीच्या महिलांसाठीच्या पॅकेजमध्ये होती, आणि त्यासाठी केंद्रात यावे लागले असते. म्हणजे या एका बाबतीत कोथरूड आणि ताईचे गाव यांत काही फरक उरला नाही.

शहर म्हणजे माझ्यासारखेच सगळे, असा समज होऊ नये म्हणून दाजींच्या धाकट्या भावाविषयी लिहिते. ते ४१ वर्षांचे आहेत, मुंबईत भांडुपच्या टेकडीवर गावकीच्या खोलीत सहा जणांबरोबर राहतात आणि मुलुंडच्या एका सोसायटीत रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. बारा तास खुर्ची, जागरणासाठी साखरेचा कटिंग चहा पाच-सहा वेळा, पहाटे वडापाव, दुपारी पत्र्याखाली जमेल तितकी झोप. शेतातले कष्ट गेले आणि पगारातून सकस अन्न काही आले नाही. वर उल्लेखिलेल्या मधुमेहविषयक राष्ट्रीय अभ्यासाच्या २०१७ मधल्या अहवालात असे आढळले होते की महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंडीगड या तुलनेने सधन भागांच्या शहरांत मधुमेह हा वरच्या थरापेक्षा खालच्या आर्थिक थरात अधिक आहे. श्रीमंतांचा आजार ही साखरेची जुनी ओळख निदान आपल्या शहरांत तरी पुसली गेली आहे. या भावाला पिनकोडची अडचण नाही, पॅकेजवाले भांडुपला येतात. पण १,७९९ रुपये काढणे त्यांना अवघड आहे, आणि सकाळी सातच्या उपाशीपोटी रक्ताला काय अर्थ, रात्रभर चहा घेतलेला असताना! मुंबई महापालिकेने नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केलेल्या 'आपला दवाखाना' या केंद्रांपैकी एकात ते माझ्या आग्रहावरून संध्याकाळी, पाळीवर जाण्याआधी गेले. ही केंद्रे रात्री दहापर्यंत उघडी असतात, आणि हे वेळापत्रक ज्याने ठरवले त्याला रोजंदारीच्या माणसाचा दिवस ठाऊक असला पाहिजे. साखर २३८ निघाली. पैसे द्यावे लागले नाहीत आणि खाडाही पडला नाही. गावच्या उपकेंद्राने आठवड्यातून एखादी संध्याकाळ अशी ठेवली, तर व्हरांड्यात न दिसलेले ते पुरुष आणि त्या मजूर बायका दिसू लागतील, असे मला वाटते.

विकत घ्यायचे का, असे कोणी मला विचारले तर माझे उत्तर माणूस पाहून बदलेल. बैठे काम, शाकाहार आणि पन्नाशीकडे चाललेले वय असेल तर बी-१२, एचबीएवनसी, हिमोग्लोबिन आणि कोलेस्टेरॉल एवढेच सुटे सांगून करून घ्यावे. संपूर्ण पॅकेजची गरज नाही. आई-वडिलांना किंवा गावाकडच्या भावंडांना भेट म्हणून पॅकेज देण्याची जी पद्धत अलीकडे रूढ होत आहे, तिच्याबद्दल मी साशंक आहे. त्याऐवजी त्यांच्याबरोबर एक दिवस उपकेंद्रात जाऊन बसावे आणि तपासणी रक्तदाबापासून सुरू करावी. उपकेंद्रात जाताना जुने अहवाल, चालू गोळ्यांची पाकिटे आणि पाण्याची बाटली न्यावी व पट्ट्या संपण्याआधी, सकाळीच क्रमांक लावावा.

मी पुढच्या वर्षीच्या पॅकेजऐवजी दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घेतले आणि ते ताईच्या घरी ठेवले. दाजींचा आकडा आता १३८/८६ च्या आसपास असतो. शेजारपाजारच्या बायका आठवडी बाजाराच्या दिवशी येऊन मोजून जातात. त्यांतल्या एका आजींचा दंड इतका बारीक आहे की यंत्राचा पट्टा सैल बसतो, आणि सैल किंवा मोठ्या पट्ट्याने आकडा खरा येत नाही, हे मॅडमनी ताईला सांगितले. लहान मापाचा पट्टा तालुक्याच्या दुकानात मिळाला नाही, म्हणून गेल्या सोमवारी मी तो पुण्यात घेऊन स्वारगेटहून एसटीने पाठवला.